फायनल फँटसी १४ (ऑनलाइन गेम): क्राफ्टिंगचा, म्हणजे वस्तू बनवायचा, कुठला स्टॅट वाढवू? सल्ला हवा

खानापूरकर:
फ्री ट्रायलवर (फुकट आवृत्तीवर) खेळायलोय, विव्हर म्हणजे कापडकाम करणारा, लेव्हल ५२. ट्रायलला मार्केट बोर्ड, म्हणजे खेळाडूंचा बाजार, बंद असतंय, त्यामुळं अंगावरचं सगळं स्वतःच करायला लागतंय. मिळेल तो मटेरिया (सामानात बसवायचा, स्टॅट वाढवणारा खडा) क्राफ्ट्समनशिपवर घातला. आता प्रोग्रेस तीन घावांत पुरा होतो, पण क्वालिटीचा बार निम्म्यावर अडकतो आणि वस्तू साधीच निघते. काल रात्री ओळीनं सहा झगे असे गेले, दोन दिवस गोळा केलेलं सूत संपलं. कंट्रोल वाढवू की सीपी? कुणीतरी नीट समजावून सांगा की.

निपाणीवाला:
क्राफ्ट्समनशिप म्हणजे एका घावात काम किती सरकतं. कंट्रोल म्हणजे एका टचला क्वालिटी किती चढते. सीपी म्हणजे दम, स्किल वापरलं की खर्च होतो. तुमचं कंट्रोल कमी पडतंय. मटेरिया तिकडं वळवा, झालं.

धोटा_वडगाव:
आधी ड्युरॅबिलिटी मोजा, म्हणजे वस्तू किती घाव सोसते ते. समजा रेसिपीची ८० आहे. सिंथेसिस (प्रोग्रेसचा घाव) असो वा टच, साधारण दर वेळी १० जातात. म्हणजे हातात आठच वेळा. तीन प्रोग्रेसला गेले, टचला पाच उरले. क्राफ्ट्समनशिप वाढवून तिनाचे दोन होत असतील तर एक टच जास्त मिळाला, तिथं ती कामाची. तिनाचे तीनच राहणार असतील तर वरची सगळी फुकट. त्या जागी कंट्रोल पाहिजे.

दुसरं, क्रम. आमच्या घरी माग आहे. काठ चालू असला की बाबा मागापासून हलत नाहीत, तार तुटली की तिथंच थांबवून गाठ मारतात. पुढं विणून गेल्यावर तो काठ सुधारत नाही. इथंही तसंच, प्रोग्रेस भरला की वस्तू मागावरून उतरली. म्हणून प्रोग्रेस एक घाव कमी ठेवून थांबा आणि सगळे टच त्याआधी उरकून घ्या.

दर टचला इनर क्वाएट, म्हणजे टचचा साठणारा जोर, वाढत जातं, दहापर्यंत. शेवटी इनोव्हेशन, ग्रेट स्ट्राइड्स ही टचचा जोर वाढवणारी स्किलं आणि मग बायरगट्स ब्लेसिंग हा शेवटचा टच, ते साठलेलं सगळं एकदम वसूल करतं. पहिल्या दोघांना ड्युरॅबिलिटी लागत नाही. सीपी मात्र १८, ३२ आणि २४, मिळून ७४. एवढे बाजूला ठेवूनच बेसिक टच मारा, तो प्रत्येकी १८ खातो. बहुतेकांचं इथंच चुकतं.

आणि सूत जाळू नका हो! ट्रायल सिंथेसिस म्हणजे सराव आहे ना, त्यात माल खर्च होत नाही.

खानापूरकर:
लाईट गेली होती, आत्ता आली. धोटा दादा, क्राफ्ट्समनशिपचं ब्रेसलेट काढून कंट्रोलचं घातलं. तरी प्रोग्रेस तीनच घावांत! म्हणजे एवढे दिवस ते नुसतं हातात होतं. ट्रायल सिंथेसिसवर चारदा करून बघितलं, ब्लेसिंगला बार एकदम वर गेला. थोडाच राहतोय.

निपाणीवाला:
धोटा, घावांचा हिशोब मी कधी केलाच नव्हता. माझंही सामान आज तपासतो.

धोटा_वडगाव:
थोडा राहिला तर आता सोडू नका. एचक्यूचा (वस्तू उंची दर्जाची निघण्याचा) चान्स बारच्या हिशोबात वाढत नाही, निम्म्यापर्यंत कमीच असतो आणि शेवटी झपाट्यानं चढतो. एचक्यू सूत असेल तर ते घाला, बार सुरुवातीलाच थोडा भरलेला मिळतो. तरी नाही भागलं तर कंट्रोल वाढवणारं जेवण खाऊन बसा.

खानापूरकर:
एचक्यू सूत दोन शिल्लक आहे. जेवून घेतो आणि खरा झगा लावतो.