नक्कल म्हणून सोडून देऊ नका

मालेगावात स्थानिक लोक गाजलेल्या सिनेमांवरून थोडक्या पैशांत जे सिनेमे काढतात ते नुसती नक्कल, उपहासाच्या अभ्यासात त्यांना जागा कशाला, असं मत कुणी मांडलं की ते 'मालेगाव के शोले'पुरतं अर्धं पटतं. घोड्यांच्या जागी सायकली आल्या त्या पैशाअभावी. पण डाकू पायडल मारत येतात तेव्हा मूळ सिनेमाचा सगळा रुबाब उतरतो, आणि दिग्दर्शक नासिर शेख यांना ते पक्कं ठाऊक असणार. त्यांच्या 'मालेगाव का सुपरमॅन'मधला सुपरमॅन तर यंत्रमागावरचा हडकुळा कामगार, आणि त्याची गाठ तंबाखूवाल्या खलनायकाशी! ही नक्कल कुठल्या हॉलिवूडची, भो?

धुळ्यात वर्गात मी यातले तुकडे दाखवले. सायकलींवर सगळेच खो-खो हसले. तंबाखूची गोष्ट निघाली तशी मागच्या बाकावरच्या दोघांनी आधी खिसा चाचपला, मग हसले. उपहास शिकवायला मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही. शुक्रवारी माग बंद ठेवून सिनेमाला जाणारा मालेगावचा प्रेक्षक वगळला तर हे विनोद कळायचेच नाहीत. हा सुपरमॅन कसा बनला ते दाखवणारा फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट जरूर बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. तो बघताना आपण या लोकांच्या जिद्दीनंच इतके भारावतो की त्यांनी कुणाला चिमटा काढलाय हे बघायचं राहून जातं.