मदत हवी आहे: इंटरनेट फोनच्या अडॅप्टरवर आवाज तुटतो, बाहेरून आलेले कॉलही वाजत नाहीत

मंडळी, डोकं बंद पडलंय, जाणकारांनी जरा वाट दाखवा.

बाबांना मोबाइलवर बोलणं जमत नाही. त्यांना रिसीव्हर लागतो, वेटोळ्याची वायर लागते, आणि फोन ठेवल्याचा 'खट्' आवाजही लागतो. म्हणून जुना फोन तसाच ठेवून तो इंटरनेटच्या अडॅप्टरला जोडला. सहा महिने सुखाचे गेले. गेले तीन आठवडे मात्र रोज कटकट.

एक म्हणजे, आम्हाला समोरच्याचं स्वच्छ ऐकू येतं, पण समोरच्याला आमचं तुटक. तेही फक्त रात्री आठ ते दहा. शेवटी प्रयोग केला: बाबांनी एक ते तीस मोजायचं आणि आत्यानं न ऐकू आलेले आकडे लिहून घ्यायचे. रात्री गळाले सात, आठ, नऊ आणि मग एकोणीस, वीस. सकाळी तिसांपैकी तीस पोचले. ("मला परत पहिलीत बसवलंस," असं वर ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.)

दुसरं, बाहेरून कॉल केला तर कधी वाजतो, कधी वाजतच नाही. गंमत अशी, की आम्ही इथून कुणाला तरी एक कॉल लावला की पुढची मिनिटभर येणारे कॉल नीट वाजतात! अडॅप्टरचा दिवा सगळा वेळ हिरवाच.

केबल बदलली. कोडेक (आवाज इंटरनेटवर पाठवण्यासाठी आकड्यांत बांधायची पद्धत) जी.७११ वरून जी.७२९ केला, तर आवाज डब्यातून आल्यासारखा झाला आणि तुटायचा तो तुटतोच. स्पीड टेस्ट उत्तम येते. सेवा देणाऱ्यांचं उत्तर पाठ झालंय: राउटर बंद करून चालू करा. नवा अडॅप्टर घेऊ का?

प्रतिसाद १:
घेऊन टाका. माझाही असाच गेला होता.

प्रतिसाद २:
थांबा, घेऊ नका. बिचारा अडॅप्टर बहुतेक निर्दोष आहे. तुमचे दोन वेगळे आजार आहेत.

आवाज फक्त जाताना तुटतो, म्हणजे अपलोडची वाट तुंबतेय. जी.७११ मध्ये आवाजाची दर २० मिलिसेकंदांनी एक पुडी (पॅकेट) निघते, सेकंदाला ५०. वरचं वेष्टण धरून एका बाजूला साधारण ८७ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) लागतात, जी.७२९ ला ३१ च्या आसपास. एवढं कुठल्याही लाइनवर मावतं, म्हणून कोडेक बदलून फरक पडला नाही. गोची वेळेची आहे. फाइलमधली पुडी हरवली तर परत मागवता येते, बोलण्यातली उशिरा आलेली पुडी पलीकडचा फोन टाकूनच देतो. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला की संभाषण सहज चालतं. स्पीड टेस्ट लाइन किती रुंद ते सांगते, रांग किती लांब ते सांगेलच असं नाही. रात्री आठला पिंग (पुडी जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) लावून ठेवा आणि घरात काय अपलोड होतंय ते शोधा. नंतर राउटरमध्ये अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा आणि अडॅप्टरला अग्रक्रम द्या.

न वाजणारे कॉल हा राउटरचा विसराळूपणा. अडॅप्टर सर्व्हरकडे नाव नोंदवतो, पण पुढची नोंदणी बऱ्याचदा ३६०० सेकंदांनी. मधल्या शांततेत राउटर ती वाट बुजवून टाकतो. तुम्ही कॉल लावला की वाट पुन्हा उघडते. ती तुमची 'गंमत' म्हणजेच निदान. अडॅप्टरमध्ये 'कीप अलाइव्ह' (वाट उघडी राहावी म्हणून ठरावीक वेळाने छोटी पुडी पाठवणं) चालू करून ३० सेकंद ठेवा. राउटरमध्ये 'सिप एएलजी' (इंटरनेट कॉलच्या निरोपांतले पत्ते बदलून देणारी सोय) दिसलं तर बंद करा. नावाला मदतनीस, पण पुष्कळदा पत्ते चुकीचे बदलून घोळ घालतं.

प्रतिसाद ३:
अवांतर: राउटर आणि अडॅप्टर दोन्ही यूपीएसवर ठेवा. जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधून तारेवरूनच यायची. इथे दिवे गेले की फोन मुका. वडीलधाऱ्या माणसाला अडीनडीला फोन लावावा लागतो, म्हणून सांगतोय.

धागाकर्ती:
चोर घरातच निघाला! माझाच मोबाइल. संध्याकाळी चार्जिंगला लावला की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वर चढवायला लागतो. एरवी पिंग २२ मिलिसेकंद, तेव्हा ७०० च्या पुढे. बॅकअप पहाटेवर ढकलला, मर्यादाही बांधली आणि कोडेक परत जी.७११ केला. एएलजी बंद, कीप अलाइव्ह चालू. चार दिवसांत आत्याचा एकही कॉल चुकलेला नाही. यूपीएसचं डोक्यातच आलं नव्हतं, या आठवड्यात आणते.

आता एकच राहिलं. बँकेच्या फोनवर 'एक दाबा' म्हणतात तेव्हा बाबा एक दाबतात आणि पलीकडे दोनदा दाबल्यासारखं धरतात. इथेच विचारू की नवा धागा काढू?

प्रतिसाद २:
इथेच. अडॅप्टरच्या सेटिंगच्या पानावर 'डीटीएमएफ' (बटण दाबल्याचे सूर) समोर काय निवडलंय? 'इनबँड' (सूर आवाजातूनच जातो) असेल तर 'आरएफसी २८३३' (दाबलेला आकडा वेगळ्या पुडीतून जातो) करून बघा. आणि हो, बाबांना आकडे मोजायला बसवू नका आता.