सुशी गो: चौघांत खेळताना साशिमीच्या मागे लागावं की नको?

हरलेली_मामी

नमस्कार मंडळी, मे महिन्याच्या सुट्टीत नणंदेचा मुलगा आमच्याकडे आलाय, वय वर्षं नऊ, आणि येताना सुशी गो या पत्त्यांच्या खेळाचा तो छोटा पत्र्याचा डबा घेऊन आलाय (दर टर्नला हातातलं एक पान ठेवायचं आणि बाकीचा हात शेजाऱ्याला द्यायचा). तेव्हापासून घरात झब्बू, बदामसात सगळं बंद. रोज रात्री जेवणं झाली की मी, नवरा, सासूबाई आणि हा असे चौघं बसतो. सासूबाई शुद्ध शाकाहारी, त्यांनी पहिल्याच दिवशी पानांचं बारसं करून टाकलं, डंपलिंग म्हणजे मोदक, टेंपुरा म्हणजे भजी, चॉपस्टिक्स म्हणजे काड्या आणि साशिमी म्हणजे "ते कच्चं". आता घरात सगळे तेच बोलतात, खाली मीही तसंच लिहिलं असेल तर सांभाळून घ्या.

तर प्रॉब्लेम असा की मी रोज हरतेय. तीन साशिमीचे १० पॉइंट डोळ्यांसमोर नाचतात, एक दिसली की मी उचलते, मग दुसरीही मिळते आणि तिसरी काही केल्या येतच नाही, आणि दोन साशिमीचा भोपळा. काल तर तिन्ही डावांत हेच झालं, सहा पानं पाण्यात. वर पुडिंग एकही घेतलं नव्हतं म्हणून शेवटी उणे ६. भाचा मात्र तोंडावरून तरी काही विचार न करता पटापट पानं उचलतो आणि जिंकतो.

साशिमी सोडूनच द्यायची का? पहिलं पान कोणतं घ्यावं? आणि काड्यांचा कोणाला कधी फायदा झालाय का, मला तर एक टर्न फुकट घालवल्यासारखं वाटतं. अजून एक, सगळ्यात जास्त माकीवाल्याला ६ मिळतात, पण माकी दोघांच्या सारख्या झाल्या तर दोघांना ६-६ द्यायचे का? नवरा म्हणतो हो, मला पटत नाही.

हिशेबनीस

आधी भांडण मिटवतो, तुम्ही बरोबर आहात. पहिल्या नंबरला टाय झाली तर ६ पॉइंट वाटून घ्यायचे, म्हणजे दोघांना ३-३, आणि मग दुसऱ्या नंबरचे ३ कोणालाच मिळत नाहीत. तिघांत टाय झाली तर २-२. भागून उरलं ते सोडून द्यायचं.

आता साशिमी. कॅटमध्ये एकूण १०८ पानं आहेत, त्यात साशिमी १४, भजी १४, मोदक १४. चौघांत प्रत्येकाला ८ पानं वाटतात, म्हणजे एका डावात ३२ पानं टेबलावर. हिशेब केलात तर एका डावात साशिमी सरासरी चारच्या आसपास येतात. फक्त चार! आणि तुम्हाला त्यातल्या तीन हव्यात. दुसऱ्या कोणी दोन उचलल्या की तुमचं दुकान बंद. भजीही साधारण चारच येतात पण तिथे दोनच लागतात आणि ५ मिळतात, म्हणजे पानामागे अडीच. साशिमी जमली तर पानामागे तीनच्या वर, नाही जमली तर शून्य. कागदावर साशिमी भारी, टेबलावर भजी भारी.

मी स्वतः साशिमी कधी घेतो, तर पहिल्या दोन-तीन हातांत मिळून चार दिसल्या तर. एकटी दुकटी दिसली तर सोडून देतो, दुसरा कोणीतरी लोभात पडतोच.

पहिलं पान विचाराल तर स्क्विड निगिरी किंवा वसाबी. स्क्विडचे सरळ ३, कोणावर अवलंबून नाही. वसाबीवर निगिरी ठेवली की तिचे पॉइंट तिप्पट: स्क्विड बसली तर ९, सामन बसली तर ६, अंड्याची बसली तर ३. म्हणजे अंड्यासाठी वसाबी घेणं म्हणजे दोन पानांत ३ पॉइंट, त्यापेक्षा भजी बरी. कॅटमध्ये सामन १० आहेत, स्क्विड आणि अंडं ५-५, त्यामुळे वसाबी लवकर घेतलीत तर सामन तरी येतेच बहुतेक. पाचव्या-सहाव्या पानाला मात्र वसाबीकडे बघूही नका.

मेंढीकोट_फॅन

हिशेबनीस काका, हिशेब मान्य, पण समोर कोण बसलंय ते न बघता सरासरी घेऊन काय करायचं. मामी, तुमचा भाचा विचार करत नाही असं तुम्हाला वाटतंय ना, मला वाटतं पोरगं पानं लक्षात ठेवतंय.

चौघांत ८ पानं, दर टर्नला हात डावीकडे जातो. म्हणजे पाचव्या टर्नला तुमचा पहिला हात फिरून परत तुमच्याकडे येतो, त्यात ४ पानं उरलेली असतात. सहाव्याला दुसरा हात येतो, तीन पानांचा. थोडक्यात प्रत्येक हात तुम्ही दोनदा बघता. पहिल्या हातात दोन भजी दिसल्या तर एक घ्यायची आणि दुसरी परत येते का बघायची. आली तर ५ पॉइंट, नाही आली तर तीन जणांपैकी कोणीतरी उचललीय, आणि कोणी ते समोर उघडंच पडलेलं असतं. मेंढीकोटमध्ये कोणता हुकूम गेला, कोणता राहिला हे ठेवता ना लक्षात, तेवढंच करायचं, इथे तर सगळं उघडं आहे.

दुसरं म्हणजे डाव संपला की वापरलेली पानं पुन्हा पिसत नाहीत, बाजूला जातात. चौघांत तीन डावांत १०८ पैकी ९६ पानं निघतात. पहिल्या दोन डावांत दहा साशिमी येऊन गेल्या असतील तर तिसऱ्यात जास्तीत जास्त चार, तेव्हा हात लावू नका. उलट दोन डावांत चार-पाचच आल्या असतील तर तिसऱ्या डावात पाऊस पडणार, तेव्हा खुशाल घ्या.

आणि पुडिंग!! एकूण १० आहेत, चौघांत त्यातली नऊ वगैरे खेळात येतात. सगळ्यात जास्त असणाऱ्याला ६, सगळ्यात कमी असणाऱ्याला उणे ६, म्हणजे बारा पॉइंटचा फरक. सहाच्या मागे धावायची गरज नाही, पण दर डावात एक पुडिंग गुपचूप घेऊन ठेवायचं, दात घासल्यासारखं.

काडीबहाद्दर

काड्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, माझं सगळ्यात आवडतं पान.

टर्न फुकट जात नाही ताई. काड्या घेताना एक पान कमी मिळतं, वापरताना एक जास्त, एकूण तेवढीच पानं होतात. फायदा असा की एकाच हातात दोन चांगली पानं असली की दोन्ही तुमची, दुसरं फिरून येईल का ही धाकधूक नाही. म्हणून पहिल्या किंवा दुसऱ्या टर्नलाच घ्यायच्या. उशिरा घेतल्या तर हातातच दोन बरी पानं नसतात, आणि शेवटच्या टर्नला तर एकच पान असतं, काड्या कोरड्याच.

पण खरी मजा सातव्या टर्नला. हातात दोन पानं, दोन्ही उचलायची, "सुशी गो" ओरडायचं आणि काड्या त्या रिकाम्या हातात परत टाकायच्या. आता डावीकडच्या माणसाला शेवटचं पान म्हणून काय मिळतं? काड्या! मी हे बायकोला एकदा केलं, दोन दिवस चहा मिळाला नाही.

दोघेच_आम्ही

आम्ही नवरा-बायकोच खेळतो, १०-१० पानं. दोघांत हा वेगळाच खेळ होतो, दुसऱ्या टर्नपासून दोन्ही हात दोघांना माहीत. तिथे समोरच्याची तिसरी साशिमी अडवणं म्हणजे स्वतः १० कमावल्यासारखंच आहे, म्हणून खुशाल अडवा. चौघांत अडवू नका, तुमचं पान वाया जातं, एकाचं नुकसान होतं आणि बाकीचे दोघं फुकटात पुढे जातात. शिवाय दोघांत पुडिंगचे उणे ६ नसतात, बरेच लोक चुकून मोजतात.

बदामराणी

एवढा हिशेब करायचा तर सरळ रमी खेळा की. (गंमत करतेय, आमच्याकडे २०१६ला आलेली पार्टीवाली आवृत्ती आहे, आठ जणांपर्यंत खेळता येतं, गणपतीत तेच चालतं.)

हरलेली_मामी

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री एकाही साशिमीला हात लावला नाही. पहिल्या डावात दोन भजी, वसाबीवर सामन, दोन मोदक, एक पुडिंग, आणि एक पान माकीचं जे नवऱ्यापुढे टिकलं नाही. ५ + ६ + ३ म्हणजे १४ झाले, माझ्यासाठी रेकॉर्डच म्हणायचं. पुडिंग दर डावात एक घेतलं. सातव्या टर्नला काड्यांचा प्रयोगही केला, माझ्या डावीकडे नवराच बसतो त्यामुळे चहा मीच करते तो मुद्दा नाही.

भाच्याला हरवलं! ४१ विरुद्ध ३८. तोंड एवढुसं झालं होतं त्याचं.

पण जिंकल्या सासूबाई, ४६. आम्ही सगळे साशिमी आणि भजी मोजत बसलो आणि त्यांनी दुसऱ्या डावात शांतपणे पाच मोदक गोळा केले, त्याचे १५. त्यातले दोन तर मीच सोडलेले. विचारलं कसं जमलं, तर म्हणाल्या, "मला त्यात खाण्यासारखं तेवढंच दिसतं."

हिशेबनीस काका, पाच मोदक एका माणसाला मिळायला नकोत ना पण, चारच येतात म्हणालात?

हिशेबनीस

सरासरी चार म्हणालो होतो. आणि तिसरा मोदक ३ पॉइंटचा, चौथा ४चा, पाचवा ५चा. समोर तीन दिसले की चौथा सोडायचा नाही, इथे मात्र अडवलेलं परवडतं, दोघेच_आम्ही काहीही म्हणोत. सासूबाई तुमच्या कोणत्या बाजूला बसतात?

हरलेली_मामी

उजवीकडे. म्हणजे त्या उरलेलं मला देतात.

मेंढीकोट_फॅन

मग त्यांना हात देणारा भाचा. त्याच्याशी बोलून घ्या.