अक्कलदाढ काढायला स्टेरॉइड कशाला? (सांगली)

वारणाकाठ
मेहुण्याची खालची आडवी अक्कलदाढ काढायची होती. सांगलीतल्या एका दवाखान्यात आधी नसेतून डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं. औषध आत गेलं न गेलं तोच गडी "आग आग" करत खुर्चीतून उठला. आग कुठं, तर बसायच्या जागी! रात्रभर डोळ्याला डोळा नाही, सकाळी तोंड लालभडक. चार टाक्यांच्या कामाला हे विष कशाला? नुसतं बिल फुगवायचे धंदे.

मिरजेचा_दातवाला
एवढं लिहिणार नव्हतो, पण "विष" वाचून राहवेना. बिल फुगवायला डेक्साची कुपी? वडापावच्या पैशात येते ती. आडवी दाढ म्हणजे हिरडी चिरा, हाड कोरा, दाढेचे तुकडे करून काढा. खरी सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते आणि तोंडात दोन बोटं जात नाहीत. 4 ते 8 मिलिग्रॅम आधी एकदा दिलं की दोन्ही बऱ्यापैकी आटोक्यात राहतं.

आता ती आग. हे इंजेक्शन फॉस्फेटच्या रूपात असतं, भसकन ढकललं की तिथंच खाज-आग होते आणि थोड्या वेळात आपोआप जाते. ती ॲलर्जी नव्हे. सलाईनमध्ये मिसळून सावकाश दिलं की सहसा होत नाही. औषधाचा असर दीड-दोन दिवस राहतो, म्हणून झोप उडते, चेहरा लाल होतो, एखाद्याला उचकी लागते. आणि 2020 च्या जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटांचे मृत्यू याच "विषा"नं साधारण एक तृतीयांशानं कमी केले.

तासगावची_सून
कोविडचं नाव तुम्ही काढलंत म्हणून. 2021 ला आमच्या चुलत सासऱ्यांचा वरचा जबडा काळ्या बुरशीनं गेला. शुगर होती, स्टेरॉइड चालू होतं. तो मृत्यूचा हिशेब आम्हाला नका सांगू.

मिरजेचा_दातवाला
ताई, वाईट झालं. पण ते रोजचं, कित्येक दिवसांचं स्टेरॉइड आणि वर बेताल शुगर. इथं एकच डोस आहे.

तासगावची_सून
एकाच डोसचं सांगते मग. वडिलांची दाढ काढली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शुगर 380. घरी मशीन होतं म्हणून कळलं. केसपेपरवर "मधुमेह" लिहिलेलं, खाली डेक्सा लिहिलेलं, आणि मधे एक अक्षर बोललं नाही कुणी.

मिरजेचा_दातवाला
न सांगता दिलं असेल तर चूक. बास? एका डोसनंही शुगर दिवसभर चढी राहू शकते, हे सांगायलाच हवं.

लालमाती
स्टेरॉइडनं तालमी संपवल्या. पोरं दूध-बदाम सोडून सुया टोचतात. बंदच करा सगळं.

मिरजेचा_दातवाला
पैलवान, ते वेगळं स्टेरॉइड. आमच्या डेक्सानं दंड येत नाहीत, उलट रोज घेतलं तर झडतात.

लालमाती
बरं, मग गावातलं घ्या. ताप आला डेक्सोना, म्हणजे हेच डेक्सा, कंबर धरली डेक्सोना. आमची आई गुडघ्यासाठी बिननावाची पुडी खायची. महिन्यात पळायला लागली, तोंड गोल गरगरीत. आम्ही खूश! पुडीवाला गाव सोडून गेला, पुडी बंद झाली आणि आई उलट्या करून अंथरुणाला खिळली. बीपी लागेना. मिरजेला नेली तेव्हा कळलं पुडीत काय होतं.

वाळव्याचा_नाना
सरसकट गावच्या डॉक्टरला बोलू नका. रात्री अकराला ऊसतोडीवरच्या बाईसाठी दार उघडतो तो. तुमचे स्पेशालिस्ट सातला शटर ओढतात.

लालमाती
दार उघडतो म्हणून काय वाटेल ते टोचायचं? तुमचा कोण लागतो तो?

वाळव्याचा_नाना
भाऊ लागतो. बोला पुढं.

लालमाती
मग भावाला विचारा, कुपीवरचं नाव पेशंटला कधी दाखवलं होतं?

मिरजेचा_दातवाला
भांडा निवांत, पण पैलवानाचा मुद्दा कामाचा आहे. पुडी खाणाऱ्याच्या शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनायचं मंदावलेलं असतं. असा माणूस न सांगता खुर्चीत बसला तर ऑपरेशनच्या ताणानं बीपी कोसळू शकतं. आम्ही विचारतो, लोक म्हणतात "कसलं औषध नाही, नुसती आयुर्वेदिक पुडी आहे."

वारणाकाठ
माझा धागा गुडघ्यावर गेला. असो. मेहुण्याला सूज फारशी नाही, काल भाकरी कुस्करून खाल्ली, एवढं मान्य. पण आग होईल हे आधी सांगायला जीभ झडली होती का?

मिरजेचा_दातवाला
मी सांगतो पेशंटला.

वारणाकाठ
कधी? सुई टोचल्यावर?

मिरजेचा_दातवाला
तुमच्या मेहुण्याला मी टोचलेलं नाही. माझ्यावर कशाला गुरगुरता?

इस्लामपूर_एसटी
मधेच विचारतो. उद्या माझी दाढ आहे आणि शुगरची गोळी चालू आहे. सकाळी घ्यायची का?

तासगावची_सून
दादा, आत्ता दवाखान्यात फोन लावा. गोळीचं आणि जेवणाचं विचारा, डेक्सा देणार का तेही विचारा. मशीन नसेल तर शेजाऱ्यांचं मागून आणा आणि दोन दिवस शुगर बघा. इथं विचारत बसू नका, इथं नानांच्या भावाचं चाललंय.