एक्स-रे थांबवला आणि नातेवाइकांना ‘मशीन बंद आहे’ असं खोटं सांगितलं. चुकलं का?

रात्रपाळी_टेक

सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन आहे. चौथं वर्ष. आज रात्री जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून इथे विचारतोय.

साडेनऊच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई आली, वय बावीस. मोळी डोक्यावर घेताना कंबरेत उसण भरलेली. सोबत सासू आणि मुकादम. चिठ्ठीवर ‘एलएस स्पाइन, एपी आणि लॅटरल’, म्हणजे कंबरेच्या मणक्याचा फोटो, समोरून आणि बाजूने. मी नेहमीसारखं दारातूनच विचारलं, “गरोदर नाही ना?” उत्तर सासूने दिलं, “नाय नाय, काढा तुम्ही.” बाई खाली बघत होती. मी पुढे विचारलं नाही.

टेबलावर घेतली, कॅसेट लावली, तेवढ्यात ती आमच्या दवाखान्यातल्या आया मावशींचा पदर धरून हळूच काहीतरी बोलली. मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं: पाळी चुकून बारा दिवस झालेत. आधी एकदा दोन महिन्यांचा गर्भ पडला, तेव्हा घरच्यांनी वर्षभर बोल लावले. या वेळी नक्की कळेपर्यंत सासूला सांगू नका म्हणते.

ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “पोटावर शिशाचा अ‍ॅप्रन टाक आणि काढून घे, बाहेर गर्दी आहे.” मला ते पटलं नाही. कंबरेचा फोटो म्हणजे बीम, किरणांचा झोत, तिथूनच जाणार, मग अ‍ॅप्रन झाकणार काय? मी एक्स्पोजर दिलं नाही, म्हणजे किरण सोडलेच नाहीत. बाहेर येऊन सासूला म्हणालो, “मशीन बंद पडलंय, उद्या सकाळी या.” मुकादम चिडला. डॉक्टर तर माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

उद्या ते परत येणार. मी खोटं बोललो ते चुकलं का? सासूने सरळ विचारलं तर काय सांगू? डॉक्टरांनी सांगूनही एक्स्पोजर दिलं नाही, यात मी कायद्याने अडकतो का?

पंढरीची_वाट

सासूला सांगायला हवं होतं असं मला वाटतं. सगळ्याच सासवा वाईट नसतात. घरात कळलं असतं तर मोळ्या उचलणं तरी थांबलं असतं. तिच्या जिवाच्या दृष्टीने बोलतेय.

क्ष_किरण_ताई

मी रेडिओलॉजिस्ट आहे. आधी आकडे, कारण भीती दोन्ही बाजूंनी नुकसान करते. कंबरेच्या मणक्याच्या एक्स-रेमध्ये गर्भाला सरासरी 1.7 मिलिग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रा जाते, वाईटात वाईट धरली तरी 10 च्या आसपास. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने 2000 साली स्पष्ट सांगितलंय की 100 मिलिग्रेच्या खालच्या मात्रेसाठी गर्भ पाडण्याचं कारण नाही. ओटीपोटाच्या सीटी स्कॅनची सरासरीसुद्धा 25 आहे. हे इतकं ठासून सांगते, कारण ‘चुकून एक्स-रे निघाला, आता मूल ठेवायचं नाही’ म्हणून रडत आलेल्या बायका मी पाहिल्यात. एकीला समजावायला तास लागला, आणि तिच्या नवऱ्याला त्याहून जास्त.

म्हणजे फोटो निघाला असता तरी अनर्थ झाला नसता. पण थांबलात ते बरोबरच. मात्रा कमी आहे म्हणून कारण नसताना द्यायची असं होत नाही. उसण भरलीय, पडझड नाही, पायात मुंग्या नाहीत, लघवी-संडासचा ताबा शाबूत आहे, अशा कंबरेला पहिल्याच दिवशी फोटो क्वचितच लागतो. खरा प्रश्न ‘अ‍ॅप्रन टाकू का’ हा नव्हताच, ‘हा फोटो आज हवाच का’ हा होता, आणि तो डॉक्टरांनी स्वतःला विचारायचा होता. अ‍ॅप्रनबद्दल तुमचं म्हणणं बिनचूक आहे. गर्भाशय बीममध्येच असताना त्यावर शिसं टाकलं तर बघायचा भागच झाकतो.

बारा दिवस चुकलेल्या पाळीला लघवीची पट्टी भरवशाची. उद्या पहिली तीच करा.

निवृत्त_डार्करूम

बाळा, मी सरकारी रुग्णालयात एकतीस वर्षं काढली, ओल्या फिल्मपासून. तू मशीनबद्दल खोटं बोललास त्याचं मला फारसं वाटत नाही. पण तुझी चूक त्याच्या आधी झाली, दारात. सासू आणि मुकादमासमोर विचारल्यावर त्या पोरीने दुसरं काय उत्तर द्यायचं होतं? ‘गरोदर असल्यास किंवा शंका असल्यास आधी सांगा’ ही पाटी आपण दारावर लावतो आणि मग प्रश्नही दारातच, सगळ्यांच्या देखत विचारतो. तिला वाचता येतं का, तेही माहीत नसतं.

मी शेवटची कित्येक वर्षं असं करायचो. नातेवाईक बाहेर, दार लावलेलं, मावशी आत. आणि ‘गरोदर आहेस का’ असं विचारायचंच नाही. “शेवटची पाळी कधी आली, ताई?” एवढंच. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून बाई सुटते. दुसऱ्याला तारीख आठवावी लागते, आणि आठवताना तिचं तिलाच कळतं. तुझी मावशी तिथे होती म्हणून हे कळलं. तिचे आभार मान.

आणखी एक. यातलं काहीही चिठ्ठीवर लिहू नकोस. आपल्याकडे चिठ्ठी, फिल्म, रिपोर्ट सगळं पेशंटच्या पिशवीत घरी जातं. सासूला वाचता येत नसेल, मुकादमाला येतं. विभागाच्या रजिस्टरमध्ये लिही: पाळीची तारीख अनिश्चित, एक्स्पोजर दिलं नाही, डॉक्टरांना अमुक वाजता फोनवर कळवलं. खाली सही. उद्या कुणी विचारलं तर ती ओळ तुझ्या बाजूने उभी राहील.

सासूला खोटं सांगायचीही गरज नाही. “फोटोच्या आधी एक लघवीची तपासणी आहे, डॉक्टर बोलतील.” हे खरंच आहे. त्यापुढे विचारलं तर “रिपोर्ट पेशंटला सांगतो आम्ही.” आवाज न चढवता.

वकील_बार्शीकर

पंढरीताई, तुमची कळकळ समजते. पण बाई सज्ञान आहे, ही माहिती तिची आहे. कुणाला, कधी सांगायचं हे तीच ठरवणार. समीरा कोहली प्रकरणात दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिलेल्या एका बाईच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचं गर्भाशय काढलं. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ती संमती धरली नाही, कारण पेशंट सज्ञान होती आणि शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारता आलं असतं. सख्ख्या आईचं चाललं नाही, तिथे सासूचं किंवा मुकादमाचं कुठून चालणार?

डॉक्टरांवर गुप्ततेचं बंधन मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत लिहिलेलंच आहे. टेक्निशियन म्हणून तुम्हीही 2021 च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात येता, इमेजिंगचा (एक्स-रे, स्कॅन वगैरे) त्यात वेगळा गट आहे. ‘मी नुसतं बटण दाबणारा’ हे आता कुणी म्हणू नये.

एक्स्पोजर थांबवल्याबद्दल घाबरू नका. तुम्ही उपचार नाकारले नाहीत, नवी माहिती कळली ती डॉक्टरांना लगेच कळवली. मात्र पुढचा निर्णय त्यांचा. समजा ती अपघातातून आली असती आणि डॉक्टरांनी सगळं माहीत असून, तिला सांगून, तिच्या संमतीने फोटो हवाच म्हटलं असतं, तर तुम्ही अडून बसणं चुकीचं ठरलं असतं. पुढच्या वेळी फोन झाल्यावर ‘पाळी चुकली आहे हे माहीत असून काढायचा आहे, असं लिहून द्याल का’ असं नम्रपणे विचारा. बहुतेक वेळा तिथेच विचार बदलतो.

रात्रपाळी_टेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, दारातल्या प्रश्नाबद्दल लिहिलंत ते लागलं, कारण ते खरं आहे. मी ‘सासू खोटं बोलली’ असंच धरून बसलो होतो.

आज सकाळी ते आले. मी आधी मोठ्या डॉक्टरांना केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं, रजिस्टर दाखवलं. त्यांनी बाईला एकटीला आत घेतलं. लघवीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. फोटो रद्द केला. पाय उचलून, बोटं हलवायला लावून तपासलं आणि गरोदरपणात चालेल असंच औषध दिलं. घरी कोण सांगणार असं विचारल्यावर ती म्हणाली, आधी मालकांना (नवऱ्याला) सांगते, ते संध्याकाळी फडावरून येतील.

चिठ्ठीवर फक्त ‘कंबरेला उसण, पंधरा दिवस वजन उचलू नये’ एवढंच लिहिलं. पंढरीताई, मोळ्या थांबायला हव्यात हे तुमचं म्हणणं बरोबर होतं, ते असं जमलं. सासूने मला विचारलं, “फोटो का नाही काढला?” मी म्हणालो, “तपासल्यावर डॉक्टरांना गरज वाटली नाही.” ती लगेच म्हणाली, “बरं झालं, पैसे वाचले.” आणि सुनेची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

मुकादम मात्र चिठ्ठी वाचून म्हणाला, पंधरा दिवसांचा खाडा लागणार. वकीलसाहेब, यावर तिला काही करता येईल का? टोळी अजून महिनाभर इथे आहे.