पुडी वस्तीत सापडली, गिऱ्हाईक कुठलं?

नाक्यावरचा:
आमच्या घोडबंदरच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठराव आलाय: मागच्या वस्तीत गर्दुल्ले बसतात, भिंत उंच करा. मी लोकमान्यनगरच्या चाळीत वाढलो. ठाण्याची वागळे इस्टेट ही एमआयडीसीची १९६२ची पहिली वसाहत. तिथली एकेक कंपनी बंद पडत गेली तसे बाप घरी बसले आणि पोरं नाक्यावर. कोणी पोरगा एकदम एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) विकायला लागत नाही. सुरुवात 'जरा हे त्या गाडीत देऊन ये' अशी. गाडी टॉवरमधली, पकडला जातो तो देऊन येणारा. भिंतीआधी गाड्या मोजा.

कोपरीची ताई:
हे ऐकून कंटाळा आलाय. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही दोघं भावंडं. एकच आई, एकच शाळा, एकच नाका. तो त्या वाटेला गेला, मी नाही. आईच्या पाटल्या त्याने विकल्या, नाक्याने नाही. परिस्थितीच्या नावावर किती दिवस बिल फाडणार?

नाक्यावरचा:
ताई, पाटल्यांचं वाचून गप्पच झालो. पण नाका एकच कसा? रात्री नऊनंतर तुम्हाला तिथे उभं राहू देत होते?

कोपरीची ताई:
आईने तंगडं मोडलं असतं. बरं, ते मान्य. पण त्याच्यासोबत उभा राहणारा एक जण आज रेल्वेत आहे, त्याचं काय?

पामबीचवाला:
व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांत हेरॉइन बोकाळलं होतं. संशोधक ली रॉबिन्स यांनी परतलेल्यांचा अभ्यास केला. तिकडे व्यसनी झालेले बहुतेक जण मायदेशी पुन्हा त्यात अडकले नाहीत. आपला पोरगा व्यसनमुक्ती केंद्रातून सुटला की रिक्षाने थेट त्याच नाक्यावर उतरतो.

रोखठोक कळवा:
पुस्तकी बोलणं पुरे. एमडी ५० ग्रॅम सापडलं की व्यावसायिक प्रमाण, किमान १० वर्षं. ही भीतीच कामाची.

नाक्यावरचा:
अहो, ५० ग्रॅमवाला नाक्यावर उभा राहतो होय? तिथे एक-दोन ग्रॅमवाला असतो. २ ग्रॅमपर्यंत 'अल्प प्रमाण', शिक्षा फार तर वर्षभर. आत ओळखी वाढतात ते वेगळंच. आणि व्यसनी पोरगा स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर अशा प्रकरणात एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार खटल्यातून सूट मिळू शकते.

कोपरीची ताई:
भावाला पकडलं तेव्हा हे कलम कुणी सांगितलं नाही, वकिलानेसुद्धा. पण पाटल्या मी विसरलेले नाही.