म्युलर आडनावाची कार्डं वेगळी कशी करायची?

महालकर: नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाचनालयाची जुनी सूची एक्सेलमध्ये चढवणं चालू आहे. म्युलर, मुलर, मुल्लर, मॅक्समुल्लर, सगळी सरमिसळ. वेगळे कसे काढू? शिवाय रोमन यादीत दोन टिंबवाल्या यूऐवजी लहरवाला ए आणि पावचं (एक-चतुर्थांशाचं) चिन्ह उमटतं.

धरमपेठी: भाऊ, जर्मनीत सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव हेच. म्युलर म्हणजे चक्कीवाला; गावोगाव चक्की, म्हणून गावोगाव म्युलर. त्यामुळे आडनावावर विसंबू नका. पूर्ण नाव आणि जन्मसाल टाकाच.

खरा घोळ हेरमान नावाचा आहे. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणारे पॉल हेरमान म्युलर (१८९९–१९६५) स्विस रसायनज्ञ, पण १९४८चं नोबेल वैद्यकाचं. त्याच विषयाचं १९४६चं नोबेल हरमन जोसेफ मुलर (१८९०–१९६७) यांचं. हे अमेरिकन, क्ष-किरणांनी जनुकांत बदल घडवणारे, आणि यांच्या यूवर टिंबं नाहीत. तिसरे नुसते हेरमान म्युलर (१८७६–१९३१), व्हर्सायच्या तहावर सही करणारे, पुढे जर्मनीचे चॅन्सेलर. तिघांना तीन वेगळ्या ओळी.

हेर्टा (जन्म १९५३, साहित्याचं नोबेल २००९) आणि १९७०च्या विश्वचषकात १० गोल मारणारा गेर्ड यांची गल्लत व्हायची नाही. किरणोत्सर्ग मोजणारा गायगर-म्युलर गणक मात्र विषयसूचीत टाका, लेखकांत नको.

सूचीवाली: ऋग्वेदवाले फ्रीड्रिश मॅक्स म्युलर (१८२३–१९००) कुठे ‘मॅ’खाली, कुठे ‘म्यु’खाली सापडतील, कारण ते ‘मॅक्स म्युलर’ हेच आडनावासारखं वापरत. एक जागा ठरवा, दुसरीकडे ‘पाहा’ची नोंद ठेवा. सायणभाष्यासह ऋग्वेदाचे खंड सहा, १८४९ ते १८७४. प्रत्येक खंडाचं साल वेगळं लिहा. वडील विल्हेल्म (१७९४–१८२७) कवी, संगीतकार शूबर्टच्या गीतमालांचे शब्द त्यांचे. ती कार्डं मुलाच्या नावावर चढतात, तपासा.

बर्डीवाला: पावचं चिन्ह म्हणजे यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारा संकेत) फाइल जुन्या विंडोज संकेतात उघडली गेली. डबल क्लिक करून उघडू नका. डेटा मेनूतून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) आयात करा आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१, म्हणजेच यूटीएफ-८, निवडा. चुकीची दिसत असताना सेव्ह केली असेल, तर मूळ प्रतीवरूनच पुन्हा सुरुवात करा. टिंबवाला यू टाइप करायला नम लॉक लावून ऑल्टसोबत ०२५२, बाजूच्या अंकपट्टीवर. शोधताना ‘यू-ई’ असं दोन अक्षरी रूपही घाला. टिंबं छापता येत नसली की जर्मन लोक तसंच लिहितात.

महालकर: ६५००१ने यादी नीट उघडली. आता हेरमान मंडळींकडे वळतो.